रक्तात उमटणारी वारेची खूण

तापीच्या पैलतीरी, जैनाबादेस, आहुखाना नावाची मोगलांची शिकारीची बाग होती. १६३१ च्या जून महिन्यात आमच्या बऱ्हाणपुरात चौदावे अपत्य, गौहरआरा, हिला जन्म देऊन मुमताजमहल निवर्तली, तेव्हा तिचे पहिले दफन तेथेच झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात देह आग्र्यास नेण्यात आला. बादशहाच्या घरी हकीम, दाया, द्रव्य कशाचीही वाण नव्हती. परंतु १९ वर्षांच्या संसारात १४ बाळंतपणे! बाळंतपणांची संख्या वाढते तसा प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा धोकाही वाढतो, असे आजचे वैद्यक सांगते.

बाळंतपणातील संकट आधी कळू शकते काय? काही अंशी, होय. गर्भाला आईच्या रक्तातून अन्न व प्राणवायू पुरविणारी वार नीट रुजली नाही, तर त्याची खूण आईच्याच रक्तात उमटते. ‘पीएलजीएफ’ हे रक्तवाहिन्यांची वाढ करणारे प्रथिन कमी पडते आणि त्याला बांधून टाकणारे ‘एसएफएलटी-१’ वाढते. बोस्टन येथील डॉ. अनंत करुमंची व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली या दुसऱ्या प्रथिनाचा प्रीएक्लॅम्प्सियाशी असलेला संबंध दाखविला. या विकारात रक्तदाब चढतो, मूत्रपिंडांस इजा होते, गर्भाची वाढ खुंटते, आणि क्वचित झटकेही येतात.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, विकाराची शंका असलेल्या स्त्रियांत या दोन प्रथिनांचे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असल्यास पुढील आठवडा निर्धोक जाण्याची खात्री ९९ टक्क्यांवर आढळली. मात्र गुणोत्तर ३८ च्या वर असलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के स्त्रियांनाच चार आठवड्यांत विकार जडला. म्हणजे ही तपासणी धीर देण्यात पक्की, भाकितात कच्ची! शिवाय वार गर्भाशयाच्या मुखाशी आली आहे काय, किंवा भिंतीत खोल रुतली आहे काय, हे पाहावयास सोनोग्राफीच लागते.

अधिक मोलाची गोष्ट पहिल्या तिमाहीतली आहे. रक्तदाब, सोनोग्राफी व रक्तातील खुणा पाहून धोका असलेल्या स्त्रिया निवडल्या आणि ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ व्या आठवड्यापर्यंत त्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, तेव्हा ३७ आठवड्यांपूर्वी उद्भवणारा हा विकार ६२ टक्क्यांनी घटला, असे २०१७ च्या प्रयोगात दिसले. गोळी अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची.

आमच्या घरांत पहिलटकरीण माहेरी जाते. बऱ्हाणपूरची सून जळगावला, नाहीतर खंडव्याला. सोबत साडी-खण जातो. तपासण्यांचे कागद मात्र सासरच्या कपाटात राहतात, आणि नव्या डॉक्टरांना आधीचा रक्तदाब कळत नाही. सासूबाईंनी ओटीच्या नारळाशेजारी ती फाईलही ठेवावी. डोके सतत दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली कळ आली किंवा चेहरा एकाएकी सुजला, तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून थांबू नये. डोहाळजेवणाची पाने मांडलेली असली तरी आधी दवाखाना गाठावा.