शरीरातली दवंडी

पूर्वी गावात सभा असली की कोतवाल दवंडी द्यायचा, असे आजोबा सांगतात. आपल्या शरीरात पण दवंडी असते. ती कशी ते मी सांगते.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी इतक्या बारीक असतात की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. निरोप नीट पोचला तर आपण धडधाकट राहतो. निरोप चुकला की आजार होतो.

आपण भाकरी खाल्ली की पोटात तिची साखर होते. ती रक्तात जाते. मग जठरामागचे स्वादुपिंड रक्तात इन्शुलिन सोडते. हीच दवंडी! "साखर आलीय हो ऽऽ, आत घ्या हो ऽऽ!" पेशीच्या अंगावर ही दवंडी ऐकायला जणू कान असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ग्राहीने ऐकले की निरोप पेशीच्या आत हातोहात पुढे जातो, जशा विहिरीच्या कामावर मातीच्या पाट्या जातात. शेवटी साखरेची दारे पेशीच्या कडेला येतात आणि साखर आत शिरते. स्नायूंच्या पेशींत असे होते.

मधुमेहात हे बिघडते. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात दवंडी देणाराच उरत नाही. दुसऱ्यात दवंडी होते, पण पेशींना नीट ऐकू येत नाही. मग साखर रक्तातच साठते आणि पेशी उपाशी राहतात. फार तहान लागते, सारखी लघवी होते, माणूस वाळतो. पुढे डोळे, मूत्रपिंड आणि पाय बिघडतात.

माझ्या मावसबहिणीला पहिला प्रकार आहे. ती रोज इन्शुलिनची सुई घेते. इन्शुलिन गोळीसारखे गिळले तर पोटात पचून जाते, म्हणून सुईच लागते. काही बायका म्हणतात, सुई बंद करा, झाडपाला द्या. पण सुई बंद केली तर तिचा जीव जाईल. काही मुली तिच्याजवळ बसत नाहीत. पण हा रोग शिवल्याने होत नाही.

कॅनडात टोरंटो शहरात १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला ते टोचले. तो मरायला टेकला होता. पहिल्या सुईने फारसा गुण आला नाही. मग औषध जास्त शुद्ध करून पुन्हा दिले, तेव्हा गुण आला. तो आणखी १३ वर्षे जगला. बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबरचा. म्हणून आपल्या बालदिनालाच जागतिक मधुमेह दिन असतो.

आणखी एक गंमत. आपण पळतो, लंगडी खेळतो, तेव्हा स्नायू दवंडीची वाट न बघता पण साखर आत घेतात. म्हणून मित्रांनो, रोज खेळा, गोड बेताने खा. आणि कुणाला मधुमेह असेल तर त्याला आपल्याजवळ बसवा.

— इयत्ता ४ थी