चारशे पौंडांचं युद्ध

१९७१च्या नौदल युद्धाची गोष्ट आपण कराचीपासून सांगतो. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी केलेला हल्ला, आणि त्यावरून ठरलेला नौदल दिन. पूर्वेकडची गोष्ट मात्र सुरू होते ती एका बॉयलरच्या तड्यापासून.

जून १९७०मध्ये ‘विक्रांत’च्या बॉयलरांच्या वॉटर ड्रमना तडे आढळले. वेल्डिंगने भागणारं काम नव्हतं. नवे ड्रम ब्रिटनकडून मागवले आणि पुढचा हुकूम येईपर्यंत बॉयलर पेटवायला मनाई झाली. देशाची एकमेव विमानवाहू नौका मुंबईत अडकून पडली. मार्च १९७१मध्ये, नव्या ड्रमांविनाच, बॉयलर पुन्हा पेटवले गेले. वाफेचा दाब चौरस इंचाला ४०० पौंडांवर आणि वेग १४ नॉटवर रोखला. म्हणजे तासाला जेमतेम २६ किलोमीटर.

बाबा त्या बॉयलररूममध्ये स्टोकर होते. नागपुरात मनीषनगरच्या आमच्या गल्लीत ‘नेव्हीवाले काका’ म्हणून ओळखले जाणारे. दर सव्वीस जानेवारीला कुणीतरी त्यांना बोलायला उभं करायचं. लोकांना हवे असायचे कॉक्स बझार-चितगाववरचे हल्ले, आकाशात झेपावणारी विमानं. बाबा सांगायचे गेज ग्लासबद्दल. काचेच्या नळीत पाण्याची रेषा खाली गेली तर बॉयलरच्या नळ्या जळणार, फार वर गेली तर पाणी टर्बाइनमध्ये जाऊन पाती मोडणार. चार तासांच्या वॉचमध्ये नजर त्या रेषेवर. श्रोते चुळबुळ करू लागत.

त्यांनी युद्ध पाहिलं नाही. पण मोजलं. ‘विक्रांत’वरून विमान फेकणारं कॅटापल्ट वाफेवर चालायचं आणि ती वाफ याच बॉयलरांची. वर एक सी हॉक सुटलं की खाली दाबाचा काटा किंचित बसायचा. ४ डिसेंबरच्या सकाळी पहिला हल्ला झाला, तो बाबांना काट्यावरून कळला. त्याआधी, ३-४ डिसेंबरच्या रात्री, ‘विक्रांत’च्या मागावर आलेली पाकिस्तानी ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली होती. ‘विक्रांत’ तेव्हा तिथे नव्हतीच. ती अंदमानकडे लपवली होती आणि विशाखापट्टणमला तिचं सोंग ‘राजपूत’ ही जुनी विनाशिका वठवत होती.

हे सोंग शत्रूइतकंच घरच्यांसाठीही होतं. आई तेव्हा इतवारीत, सासरी. थोरला भाऊ कडेवर. पत्राचा पत्ता एकच, फ्लीट मेल ऑफिस. जहाज कुठे आहे याचा त्यावरून पत्ता लागायचा नाही. ९ डिसेंबरला दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. बातमी इतवारीत पोचली तेव्हा आईला फक्त ‘नेव्हीचं जहाज’ एवढंच कळलं. दीव कुठे नि बंगालचा उपसागर कुठे, हे तिला कोण समजावणार? आजीने देव पाण्यात घातले आणि सुनेला कामाला जुंपलं. मला ते तेव्हा निष्ठुर वाटलं असतं. आता वाटतं, घरात एवढी अक्कल एकट्या आजीकडेच होती.

‘विक्रांत’च्या नौसैनिकांना आणि अधिकाऱ्यांना मिळून दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं मिळाली. बॉयलररूमचा उल्लेख पुस्तकांत येतो तो बहुतेक तड्यापुरता.

नौदलातली नोकरी संपवून बाबा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात लागले. पुन्हा बॉयलर, पुन्हा गेज ग्लास. फरक एवढाच की आता संध्याकाळी डबा घेऊन घरी येत. निवृत्त झाल्यावर मनीषनगरला घर बांधलं, तेव्हा आईची एकच अट होती, पत्ता पुन्हा बदलायचा नाही.

३१ जानेवारी १९९७ला ‘विक्रांत’ निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडायला गेली. २०१६मध्ये तिचं पोलाद वापरून केलेली बजाजची ‘व्ही’ मोटरसायकल आली. नातवाने हट्ट धरला. बाबांनी टाकीवर बोटाने टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, ‘बॉयलरचं लोखंड असेल तर घे. वरच्या डेकचं असेल तर राहू दे, त्यांचं कौतुक बरंच झालं.’