जव्हारच्या शकारंभाचा अहर्गण

जयबा मुकणे यांचा पुत्र निमशहा यास दिल्लीच्या सुलतानाकडून राजपदाची मान्यता मिळाली, तो दिवस ५ जून १३४३ होय. व त्या दिवसापासून जव्हार संस्थानांत स्वतंत्र शक सुरू झाला, असें ठाणें जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरांत नमूद आहे. संस्थान १९४८ मध्यें विलीन झालें. तथापि जव्हार-मोखाड्याकडील जुना कागद संग्राहकाच्या हातीं आल्यास त्यांतील मिति कशी पारखावी, हा प्रश्न उरतोच. त्याचें एक साधन येथें मांडतों.

कलियुगारंभापासून, म्हणजे इ. स. पूर्व ३१०२, १८ फेब्रुवारी, शुक्रवार, या दिवसापासून गेलेल्या दिवसांची संख्या म्हणजे अहर्गण. वरील तारीख जूलियन गणनेची धरिली असतां अहर्गण १६,२३,२७८ येतो. एकं स्थानापासून आरंभ करून भूतसंख्येंत तो वसु-अद्रि-यम-अग्नि-यम-रस-भू असा लिहितां येईल.

ही संख्या सम आहे. तिला नवांनीं भागतां बाकी २ व सातांनीं भागतां बाकी ६ उरते. शुक्रवार शून्य मानिल्यास ६ म्हणजे गुरुवार. वार हा संख्येचाच धर्म झाला.

आतां लेखनिकाच्या चुकांकडे पाहूं. एकच अंक बदलला, तर नवांची कसोटी ती चूक धरिते. मात्र शून्याच्या जागीं नऊ किंवा नवाच्या जागीं शून्य पडल्यास ती फसते. सातांची कसोटी अंकांत सातांचा फरक असल्यासच फसते. म्हणून दोन्ही लाविल्या असतां एका अंकाची चूक सुटत नाहीं. शेजारचे दोन अंक उलटल्यास अंकांची बेरीज तीच राहते, व नवांची कसोटी निरुपयोगी होते. शेवटचे ७८ हे ८७ असे लिहिले गेले, तर सातांची बाकी १ उरून वार शनिवार येतो, आणि चूक उघड होते. या संख्येंत कोणत्याही शेजारच्या अंकांत सातांचें अंतर नसल्यामुळें अशी प्रत्येक अदलाबदल पकडतां येते.

याच वर्षीं शालिवाहन शक १२६५. त्यांत ३१७९ मिळविले असतां गतकलि ४४४४ होतो. ४, ११ व १०१ यांचा हा गुणाकार सुंदर दिसतो खरा. परंतु अंकांची शोभा हें प्रमाण नव्हे. ज्यानें ती शुभसूचक मानून इतिहास रचिला, त्यानें आम्हांस फसविलेंच म्हणावें.

अहर्गणानें घटना सिद्ध होत नाहीं, केवळ नकलेची परीक्षा होते. उद्यां एखाद्या कागदांत या तारखेस गुरुवाराखेरीज दुसरा वार आढळला, तर प्रथम नक्कल, मग गणनापद्धति व शेवटीं तारीख यांवर संशय घ्यावा. हाच क्रम आम्हांस श्रेयस्कर वाटतो.