पठारावरच्या पवनचक्क्या हिवाळ्यात थांबलेल्या का दिसतात? आत नेमकं काय चालतं?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या किंवा पाटणच्या सडावाघापूरच्या पठारावर जानेवारीत गेलात, तर रांगेत उभ्या असलेल्या काही पवनचक्क्यांची पाती थांबलेली दिसतात. पर्यटक लगेच म्हणतात, 'बंद पडल्या वाटतं!' काही वेळा ते खरंही असतं. पण अनेकदा त्याच वेळी टॉवरच्या आत दोन-तीन तंत्रज्ञ शिडीवरून वर चढत असतात. वर्षभराच्या तपासणीचा हाच हंगाम.

कोकणात पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. डोलकाठी, दोर, शीड यांची डागडुजी तेव्हाच होते आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात जातात. घाटमाथ्यावर गणित उलटं आहे. इथे कमाई पावसाळ्यातच होते. साधारण मे ते सप्टेंबर पश्चिमेकडून जोरदार वारा असतो. त्यामुळे सगळी दुरुस्ती ढकलली जाते हिवाळ्यावर.

जुलैचा एक दिवस इतका महाग का?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातली ऊर्जा दुप्पट नाही, आठपट होते. ताशी १६ किलोमीटरचा वारा ३२ वर गेला की चक्कीला आठपट ऊर्जा उपलब्ध होते, अर्थात यंत्राच्या क्षमतेच्या मर्यादेत. म्हणजे जानेवारीत आठ दिवस मशीन बंद ठेवून जेवढं नुकसान होईल, तेवढं जुलैत एका दिवसात होऊ शकतं. शिवाय पावसाळ्यात धुकं, निसरडी शिडी आणि सोसाट्याचा वारा असतो. वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की माणसाला वर जायची परवानगीच नसते.

खरी गोष्ट केबलची

पवनचक्की वाऱ्याकडे तोंड करते, म्हणजे टॉवरच्या माथ्यावरची अख्खी खोली, नॅसेल, फिरते. जनित्र त्या खोलीत असतं आणि केबल तिथून टॉवरच्या आत खाली लोंबकळत येते. खोली एकाच दिशेने फिरत राहिली तर केबलला पीळ पडतो. काही वेढे झाले की मशीन स्वतःहून थांबतं, खोली उलटी फिरवून पीळ सोडवतं आणि पुन्हा सुरू होतं. पाती स्थिर आहेत आणि डोकं मात्र हळूहळू गोल फिरतंय, असं कधी दिसलं तर ते हेच. हिवाळ्यात वारा मंद आणि दिशा बदलणारा, त्यामुळे हा प्रकार तेव्हा दिसण्याची शक्यता जास्त.

वर्षानुवर्षांच्या या पिळवटण्याने केबलचं आवरण घासतं, तडकतं. म्हणून तंत्रज्ञ झोळ पडलेल्या भागात केबल बोटांनी चाचपतात, 'मेगर' लावून इन्सुलेशन मोजतात आणि टोकाचे लग पुन्हा आवळतात.

लग ढिला असला तर काय होतं? पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर सुझलॉनच्या ३५० किलोवॉटच्या पवनचक्क्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. एवढ्या क्षमतेचं यंत्र ६९० व्होल्टवर पूर्ण भाराने चाललं की केबलमधून जवळपास ३०० अँपिअर प्रवाह जातो. घरातले साधारण ४० एसी एकदम लावल्यासारखं. प्रवाह दुप्पट झाला की ढिल्या जोडावरची उष्णता चौपट होते. जानेवारीत कोमट लागणारा जोड जुलैत जळू शकतो, आणि टॉवरच्या माथ्यावर आग लागली तर खालून विझवणं जवळपास अशक्य. म्हणून थर्मल कॅमेऱ्याने जोडांचे फोटो घ्यायचे पावसाळ्यात, मशीन भारावर असताना. त्यावरून यादी करायची आणि काम करायचं हिवाळ्यात. हिवाळ्यातल्या मंद वाऱ्यात घेतलेला 'सगळं ठीक' असा थर्मल अहवाल फारसा कामाचा नाही.

केबल बदलण्याचं आणखी एक कारण आहे, त्याचा वाऱ्याशी संबंध नाही. चोरी. साताऱ्यात आणि सांगलीत पवनचक्कीच्या तांब्याच्या केबल कापून नेल्याचे गुन्हे पोलिसांत नोंदवले जातात. चोराला मिळतो भंगाराचा भाव. मालकाला मात्र अख्ख्या उंचीची नवी केबल ओढावी लागते आणि तोवर मशीन उभं.

वीज, बोल्ट आणि कुलूप

टॉवर पठारावरची सगळ्यात उंच वस्तू, त्यामुळे वळवाची वीज आधी तिथेच पडणार. पात्याच्या टोकापासून जमिनीपर्यंत वाहकाची सलग वाट हवी आणि अर्थिंगचा रोध साधारण १० ओहमच्या आत हवा. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा आणि काळा कातळ. पाण्याअभावी तो वीज नीट मुरू देत नाही. म्हणून अर्थिंग ओल्या जमिनीत मोजून समाधान मानण्यात अर्थ नाही, ते कोरड्या दिवसांत मोजायचं. आकडा वाईट येतो, पण खरा येतो.

टॉवरचे बोल्ट ठरावीक टॉर्कने आवळून नट आणि प्लेटवर रंगाची एक सरळ रेघ ओढतात. पुढच्या वर्षी रेघ तुटलेली दिसली की नट सरकला. साधी, स्वस्त युक्ती, आणि अजून तिला तोड नाही.

पात्यांच्या मधल्या हबमध्ये शिरण्याआधी रोटर खिळीने अडकवतात आणि खालच्या पॅनेलला कुलूप लावतात. किल्ली वर गेलेल्या माणसाच्या खिशात राहते. वारा कमी आहे म्हणून ही पायरी गाळणं म्हणजे जिवाशी खेळ.

जुन्या चक्क्यांचं काय?

पवनचक्कीचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षं धरतात. या भागातल्या पहिल्या पिढीच्या चक्क्या त्या वयाला आल्या आहेत. केंद्राने २०१६ मध्ये १ मेगावॉट आणि त्याहून लहान यंत्रं बदलून मोठी बसवण्यासाठी 'रीपॉवरिंग' धोरण आणलं. २०२३ मध्ये ते सुधारताना आयुष्य वाढवण्याचा पर्यायही त्यात आला. तो निवडायचा तर टॉवर, पाया आणि केबल अजून किती वर्षं टिकतील, हे आधी मोजावं लागतं आणि त्या हिशेबाला हिवाळ्यातल्या तपासणीच्या जुन्या नोंदी लागतात. मोठं यंत्र आणायचं तर जुना पाया सहसा चालत नाही, शेजारच्या चक्कीपासून अंतर वाढवावं लागतं, जमिनीचे करार नव्याने करावे लागतात. शिवाय आजची पाती ६०-७० मीटर लांब असतात आणि ती वळणावळणाच्या घाटातूनच वर न्यायची असतात.