चोपन्न सेकंद

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या त्या अभ्यासिकेत बहुतेक मुलं पोलीस भरतीची, नाहीतर तलाठ्याच्या परीक्षेची. बी.एड.च्या सीईटीला बसणारी मोजकीच. त्यातली एक मुलगी फोनवर वेळ लावून प्रश्नसंच सोडवत होती. फोन थरथरला की प्रश्न अर्धा सोडून पुढे. शिक्षक होण्यासाठी एवढी घाई कशाला, हे विचारायलाच मी तिच्याशेजारी बसले.

"शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. एकाला चोपन्न सेकंद," तिनं हिशेब सांगितला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. बुद्धिमत्तेचे चाळीस, सामान्यज्ञानाचे तीस आणि शिक्षक अभियोग्यतेचे तीस.

अभियोग्यतेचं पान मी मागून घेतलं. 'वर्गात एक मूल सतत गप्प बसते. तुम्ही काय कराल?' खाली चार पर्याय: दुर्लक्ष, शिक्षा, पालकांकडे तक्रार आणि त्याच्याशी बोलून कारण समजून घेणे. "यात विचार करायचाच नाही," ती हसत म्हणाली. "सगळ्यात प्रेमळ पर्याय दिसला की क्लिक." प्रेमळ असणं आणि प्रेमळ पर्याय ओळखणं यातला फरक या परीक्षेला कसा कळणार?

ती गणिताची पदवीधर. गुणपत्रकं, जातपडताळणी, नॉन-क्रीमीलेअर असं सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावून ठेवलेलं. पण मला तिच्याकडे पुन्हा जावंसं वाटलं ते तिच्या संध्याकाळच्या शिकवणीमुळे. घराच्या पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन, तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास आणि खाली सतरंजीवर गल्लीतली चार-पाच मुलं.

पाचवीतल्या एकाला तिनं विचारलं, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?"

"चतुर्थांश. चार मोठे आहेत ना, ताई."

ती काहीच बोलली नाही. मशीनजवळची कापडाची पट्टी उचलून त्याच्या हातात दिली, तेवढ्याच लांबीची दुसरी कापून दिली. त्यानं एकीच्या तीन घड्या घालायचा प्रयत्न केला, जमेना. उलगडली, पुन्हा घातली. शेजारची मुलगी उत्तर सांगायला तोंड उघडणार, तर ताईनं नुसता हात वर केला. माझाच धीर सुटत चालला होता. बऱ्याच वेळानं दोन्ही घड्या शेजारी ठेवून तो स्वतःशीच पुटपुटला, "हॅ! तीनवाली मोठीय."

चोपन्न सेकंद केव्हाच उलटून गेले होते. अर्थात तेवढे तरी वर्गात कुणाला मिळतात? मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात शिक्षकांचे तास मोजून पाहिले, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली, तरी मुलांची उत्तरं लांबत, गप्प बसणारीही बोलू लागत. ताईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग सीईटीवाले दयाळूच म्हणायचे!"

पुढची वाट तिला पाठ आहे. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यानंतर नोकरीसाठी टेट, म्हणजे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी: दोनशे प्रश्न, दोन तास, म्हणजे एकाला छत्तीस सेकंद. मग भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव घालून वाट पाहायची. दोन वर्षं शिकवायला शिकल्यावर सेकंद वाढायला हवेत, इथे ते कमी होतात. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, मला खरंच उत्सुकता आहे.

अभ्यासिकेतल्या एका दादानं तिला प्रवेशासाठी आडबाजूचं एक कॉलेज सुचवलं होतं. तिथे म्हणे हजेरीची कटकट नाही. अर्ज भरा, परीक्षेला या, बाकीचा वेळ टेटच्या अभ्यासाला मोकळा. नियमानं तासांना ऐंशी टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला नव्वद टक्के हजेरी लागते, पण अशी कॉलेजं विद्यार्थ्यांना बरोबर ठाऊक असतात. सल्ला व्यवहारी होता, वाईट हेतूचा नव्हता.

तिनं कॉलेजांचा पसंतीक्रम आधीच वहीत लिहून ठेवला होता. पहिलं नाव होतं, ते रोज एसटीनं दीड तास जायला लागेल अशा कॉलेजचं. त्याच्याच आवारात शाळा आहे आणि इंटर्नशिपचे वीस आठवडे तिथे खरोखर वर्गावर पाठवतात, असं तिनं दोन जुन्या विद्यार्थिनींना फोन करून विचारून घेतलं होतं. दादानं सुचवलेलं कॉलेज यादीत शेवटीसुद्धा नव्हतं.