जुनी जीप चालू करतांना

दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेंतील विलीज-ओव्हरलँड कंपनीनें सैन्यासाठीं जीप बांधली. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास मुंबईंतील महिंद्र कंपनी याच घराण्याच्या गाड्यांकडे वळली. अशा जुन्या जीपा आजहि हौशी गृहस्थांच्या गाडीखान्यांत आढळतात. युद्धकाळच्या जीपचें चार सिलिंडरांचें, २.२ लिटरचें व ६० अश्वशक्तीचें इंजिन मोठें काटक. तथापि महिनाभर उभी असलेली गाडी चालू होत नाहीं, तेव्हां मालक चिडून पॅडल दाबीत सुटतो. वस्तुतः येथें काम बळाचें नसून क्रमाचें आहे.

कार्ब्युरेटरांत पेट्रोलची एक लहानशी वाटी असते. इंजिन फिरूं लागलें म्हणजे हवा अरुंद गळ्यांतून वेगानें ओढली जाते, तेथील दाब उतरतो आणि वाटींतील पेट्रोल तुषाररूपानें हवेंत मिसळतें. वजनानें पंधरा भाग हवेस सुमारें एक भाग पेट्रोल, हें साधारण प्रमाण होय. परंतु थंड इंजिनांत पेट्रोलची पुरती वाफ होत नाहीं. यास्तव चोक ओढून हवेची वाट आवळावी लागते.

गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली कीं वाटींतील पेट्रोल उडून जातें. ती भरणारा पंप इंजिनाच्याच बळावर चालतो. म्हणून आरंभींचे कांहीं फेरे वाटी भरण्यांतच खर्ची पडतात. उलट, पेट्रोलचा उग्र वास आल्यास प्लग भिजले असें समजावें. अशा वेळीं चोक पुरता आंत सारावा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्थिर धरावा व इंजिन फिरवावें. इंजिन तापूं लागतांच चोक हळूहळू आंत सारीत जावा. न सारल्यास कच्चें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकतें व झीज वाढते.

हँडल मारावयाचें असल्यास प्रथम गिअर न्यूट्रलमध्यें आणून हातब्रेक ओढावा. आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावें. वरून खालीं कधींहि दाबूं नये. इंजिनानें उलटा झटका दिल्यास मनगट मोडण्याचें भय असतें.

निगेचीं कामें थोडीं, पण नियमित असावीं. पॉइंट स्वच्छ ठेवावे, प्लगमधील काजळी काढावी, हवेच्या गाळणींतील तेल बदलावें. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें. तें पाणी शोषून घेतें व जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा यांस अपाय करतें. तेव्हां हे भाग इथेनॉल सोसणारे बसवावे आणि टाकींत पेट्रोल महिनोन्‌महिने सांठवूं नये.

एक गोष्ट मात्र कधींहि विसरूं नये. बंद गाडीखान्यांत इंजिन चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. माणूस सावध होण्यापूर्वींच तो त्याची शुद्ध हरपवितो व प्राणहि घेतो. म्हणून आधीं दार सताड उघडावें, जमल्यास गाडी बाहेर ढकलावी, आणि मगच किल्लीस हात घालावा.