इलेक्ट्रिक टूथब्रश घेताय? आधी हेडची किंमत बघा

मोबाईलवर ऑफर दिसली की इलेक्ट्रिक ब्रश घ्यावासा वाटतो. पण कोणता घ्यायचा?

एका प्रकारात छोटं गोल हेड असतं, ते डावी-उजवीकडे अर्धवट फिरतं. दुसरा सोनिक. त्याचं हेड साध्या ब्रशसारखं लांबट, ते वेगाने थरथरतं. दात दोन्हींनी स्वच्छ होतात. खरा प्रश्न पुढच्या खर्चाचा. साधारण तीन महिन्यांनी हेड बदलावं लागतं आणि एका कंपनीचं दुसऱ्या ब्रशला सहसा बसत नाही. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते मिळतं का, हे आधी विचारा. नाहीतर ब्रश पडून राहतो. काही स्वस्त ब्रशचं तर हेड बदलताच येत नाही.

सेलवरचा ब्रश स्वस्त, पण सेल उतरला की जोर जातो. चार्जिंगचा एका चार्जवर बरेच दिवस चालतो, त्यामुळे लोडशेडिंगची फारशी अडचण नाही.

हिरड्या नाजूक असतील तर जास्त दाबल्यावर इशारा देणारा घ्या. संधिवाताने बोटं आखडलेल्या आजी-आजोबांना जाड मुठीचा हा ब्रश खरंच सोयीचा. बाकीच्यांना साधा मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन मिनिटं पुरतो. रोज मिश्री लावणाऱ्यांनी मात्र ब्रशआधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवावं.